आईने धुतलेले वाल

गेल्या महिन्यात पुण्याहून एक तरुण गृहस्थ आमच्याकडे येऊन गेले. वीर स्टेशनवर उतरले, रिक्षाने महाडात आले, चहा घेतला, आणि माळ्यावरचं खोकं खाली आल्यावर त्यांनी खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले. मला क्षणभर वाटलं, आता माझंच ऑपरेशन होणार. जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह जमवणं हा हल्ली मोठा छंद आहे म्हणे. एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरून ते 'अहाहा' करत होते. मग त्यांचा चेहरा पडला. "आजी, यांच्यावर नंबर कसे नाहीत?" म्हटलं, "आईने धुतले." म्हातारीचं आता काही खरं नाही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. चहाबद्दल आभार मानून आणि हातमोज्यांची नीट घडी करून ते गेले. त्यांना ऐकायला वेळ नव्हता, म्हणून इथे लिहिते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. पंख्याखालची खुर्ची होती आणि दुपारची झोप तर जवळजवळ पगारातच धरलेली होती. ते सगळं सोडून त्यांनी महाडच्या बाजारात रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं. मुहूर्त असा साधला की त्याच सुमाराला गणपतीला येणारा एकेक चाकरमानी काखेत ट्रान्झिस्टर मारून एसटीतून उतरायला लागला होता. ट्रान्झिस्टरला व्हॉल्व्ह लागत नाहीत, ही बातमी अख्ख्या महाडात पोचली होती. अण्णांनाही ती ठाऊक होती. "फॅशन आहे, जाईल," असं ते ठामपणे म्हणत. कचेरीतल्या लोकांनी त्यांना निरोप म्हणून शालजोडी दिली. ती पुढे आम्ही पावसाळ्यात रेडिओवर पांघरायला वापरली, कारण छप्पर नेमकं रेडिओवरच गळायचं.

व्हॉल्व्ह म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. बोटभर उंचीची काचेची कुपी, आतली हवा काढून टाकलेली, मध्ये तारांच्या बारीक जाळ्या आणि पत्र्याची नळी, बुडाला पाय. आतली वात तापून केशरी झाली की रेडिओ बोलायला लागतो. प्रत्येक जातीचा नंबर काचेवर छापलेला असे. वात किती व्होल्टवर पेटते, कुठल्या पायात काय येतं, व्हॉल्व्ह कुठल्या कामाचा, सगळं त्या नंबरावरून कळायचं. नंबर नसेल तर नुसती काच. मुंबईत एका ओळखीच्या दुकानदाराने धंदा गुंडाळला तेव्हा अण्णांनी त्याच्याकडचे जुने व्हॉल्व्ह दोन खोकी भरून, एसटीच्या टपावर टाकून आणले. धंदा गुंडाळणाऱ्याकडून धंद्याचा माल आणण्यात काही गोम असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

आई पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. तिच्या तोंडात 'व्हॉल्व्ह' बसेना, ती 'वाल' म्हणायची. आमच्याकडे वाल म्हणजे कडधान्य. "मालकांनी मुंबईवरनं दोन खोकी वाल आणलेत," असं तिने शेजारी सांगितल्यावर शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घेऊन दारात हजर झाल्या. बिरड्यापुरते द्या म्हणाल्या. अण्णांनी त्यांना एक व्हॉल्व्ह दाखवून त्याचं कार्य समजावून सांगितलं. काकू शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हंजे शिजत नाय तर."

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे पडवी, अशी आमची जागा. स्वयंपाकघरात फोडणीचा चर्र आवाज आणि दुकानात तापत्या रेडिओची घूंऽऽ एकदमच सुरू व्हायची. आईच्या फोडणीला वास होता एवढाच काय तो फरक. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरात होते. लग्नाचं जमेपर्यंत मुलीने काय करावं यावर घरात एकमत नव्हतं. म्हणून मी सकाळी आईच्या हाताखाली तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि दुपारी अण्णांच्या हाताखाली तारांना कथलाचा डाग द्यायची. दोन्हीकडे हात भाजायचा.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात अण्णा पाचाडला एका खानावळीचा रेडिओ बघायला गेले होते आणि मी गिरणीवर. आईने घर सारवलं, भांडी घासली, देव उजळले, आणि तिची नजर त्या खोक्यांवर गेली. पेंढा, उंदराच्या लेंड्या, काजळी. गणपती यायचा आणि घरात ही घाण! मी दळण घेऊन आले तेव्हा पडवीत जुन्या लुगड्यावर सगळे व्हॉल्व्ह ओळीने वाळत पडले होते. रिठ्याचं पाणी आणि नारळाचा काथ्या, दोन्ही तिने सढळ हाताने वापरले होते. "बघ गो कुंदे, कसे हिऱ्यावानी चमकतात," ती म्हणाली. मी एक उचलून फिरवून बघितला, मग दुसरा. पीठ भरायचं निमित्त करून मी आत गेले, ती अण्णा येईपर्यंत बाहेर आले नाही.

अण्णांनीही आधी एक उचलला, मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"नंबर कुठायत?"

"कसले नंबर?"

"काचेवर लिहिलेलं होतं ते."

"ती अक्षरं व्हय? ती पयल्या पाण्यातच गेली," आई समाधानाने म्हणाली. "बुडावरची जरा चिवट होती. ती घासावी लागली."

अण्णा पडवीच्या पायरीवर बसले. मग मला म्हणाले, "कुंदा, तुझ्या आईला सांग, आज तिने माझं दुकान धुतलं." आई हातभर अंतरावर उभी होती. त्या दिवसापासून अण्णा तिच्याशी बोलेनासे झाले आणि आमच्या घरात माझी दुभाषी म्हणून नेमणूक झाली.

"कुंदा, आईला सांग, आमटीत मीठ नाही."

"कुंदे, बापाला सांग, मीठ डब्यात हाय, डबा फळीवर हाय, आन् फळी त्यांच्या डोक्यावर हाय."

गणपती आले, पाचव्या दिवशी गेले. मोदकांचं कौतुकही अण्णांनी माझ्यामार्फतच पाठवलं. आज माझी नात आणि तिचा नवरा शेजारी बसून एकमेकांना मोबाइलवर निरोप पाठवतात. त्याचं मला फारसं नवल वाटत नाही. आमच्याकडे ही सोय फार आधी होती, आणि तिला चार्जिंगही लागत नसे.

अशात धोंडूतात्यांचा रेडिओ बसला. तात्या शिवथरच्या खोऱ्यातले शेतकरी. त्यांचा एकुलता मुलगा सदा मुंबईला गिरणीत होता. आदल्या शिमग्याला त्याने बापासाठी छान लाकडी पेटीचा, विजेवर चालणारा रेडिओ आणला होता. वाडीत वीज नाही, हा किरकोळ तपशील घेताना त्याच्या लक्षात राहिला नव्हता. खांब आले होते. त्यांवर अजून गुरंच अंग घासत होती. मग तात्यांनी रेडिओ डोक्यावरून आणून आमच्या दुकानात ठेवला. दर बाजाराच्या दिवशी ते येत, स्टुलावर बसत आणि आपला रेडिओ ऐकून परत जात. पाहुण्याकडे ठेवलेल्या पोराला भेटायला यावं तसं. येताना काकडी किंवा पडवळ आणायचे. ते आईसाठी की रेडिओसाठी, हे आम्ही कधी विचारलं नाही.

मुंबईहून आलेल्या कोणीतरी निरोप आणला की सदाचं भजनी मंडळ पुढल्या बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला रेडिओवर गाणार आहे. आणि नेमका तेव्हा रेडिओ मुका. अण्णांनी मागची फळी काढून बघितलं. आवाज बाहेर काढणारा शेवटचा व्हॉल्व्ह, त्याला सिक्स व्ही सिक्स म्हणत, तो मेला होता. तसे व्हॉल्व्ह आमच्याकडे नक्की होते. कुठले, एवढंच माहीत नव्हतं.

"समोरच्या मिठाईवाल्याकडे ट्रान्झिस्टर आहे, तिथे ऐका की," मी तात्यांना म्हटलं.

"सदाचं गाणं सदाच्या रेडिओवर ऐकायचं," तात्या म्हणाले. "वाडीतली मानसं बी येनार हायत. मास्तर, होईल न्हवं?" त्यांनी अण्णांना विचारलं.

अण्णांनी खोक्यांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि म्हणाले, "होईल." पुरुषमाणसाने दारात उभ्या असलेल्या बायकोदेखत 'होणार नाही' म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मग आम्ही बसलो. आधी पाय मोजले. आठ पायांचे तेवढे ठेवले. ज्यांच्या डोक्यावर धातूची टोपी होती ते बाजूला काढले, कारण आम्हाला बोडका हवा होता. ज्यांच्या पोटात जाळी दिसत नव्हती ते नुसते वीज सरळ करणारे, तेही गेले. मग वात. कुठला किती व्होल्टचा हे ठाऊक नसलं की बटण अगदी खालून हळूहळू फिरवायचं आणि काचेत बघत राहायचं. सहा व्होल्टला नीट केशरी झाला तो आपला. काही ढिम्म राहिले, त्यांना पन्नास व्होल्ट हवे होते. एकाला घाईत जास्त व्होल्ट दिले गेले. त्याची वात पांढरीफेक झाली, टक्कन आवाज आला आणि संपला. "कुंदा, आईला सांग, धुतलेला एक गेला," अण्णा म्हणाले.

आई मधल्या काळात सूप घेऊन खाली बसली होती. मेलेला व्हॉल्व्ह तिने डोळ्यांसमोर धरला आणि उरलेल्यांतून त्याचे भाऊबंद निवडायला लागली. "ह्यो त्याचा सख्खा. ह्यो चुलत. ह्यो कुनाचा कुनी नाय." अण्णांनी माझ्यामार्फत कळवलं की कंपनी बदलली की आतली घडणही बदलते आणि ही काही सोयरीक नव्हे. आईने माझ्यामार्फत विचारलं की मग घडण बघायची नाय तर काय बघायचं, पत्रिका? तिच्या सुपात निम्मे बरोबर होते आणि निम्मे नुसतेच देखणे.

मी काच पुसायला एकावर वाफ सोडली, आरशावर सोडतात तशी. वाफ विरता विरता काचेवर एक पुसट सहा दिसला आणि गेला. "परत!" अण्णा ओरडले. मग आम्ही तिघंही हा-हा करत बसलो. शेजारच्या काकू डोकावल्या आणि आल्या पावली परत गेल्या. आईच्या काथ्याने काम चोख केलं होतं, बहुतेकांवर काही म्हणजे काही उमटलं नाही. पण आईच्या सुपातल्या एकावर सहा आला, मग व्ही, मग काहीतरी गोल. अण्णांनी तो टेस्टरमध्ये बसवला. टेस्टर म्हणजे त्यांनीच केलेली लाकडी पेटी. तबकडी अर्धी लाल, अर्धी हिरवी. वातीत दम किती उरलाय ते काट्यावरून कळे. काटा लालमधून रखडत हिरव्यात आला आणि तिथे थांबला. सुपाचं किंवा वाफेचं नावही न घेता अण्णांनी टेस्टरच्या पाठीवर थाप मारली.

बाजाराच्या दिवशी दुकान भरलं. वाडीतले दहा-पंधराजण आले होते, त्यांत गावचे पोलीस पाटीलही धुतलेली टोपी घालून. रेडिओ तापला, घूं झालं, आवाज आला. निवेदिकेने मंडळाचं नाव घेतलं, मग एकेका गायकाचं. सदाचं नाव आलं तशी दुकानात एकच ओरड झाली. भजन सुरू झालं. टाळ, मृदंग, दहा-बारा गळे. तात्या पेटीच्या कापडाला कान लावून बसले होते. पाटील मान डोलावत होते. दोनेक कडवी झाली असतील.

"ह्यात सदा नाय," तात्या म्हणाले.

"अरे, आत्ता नाव घेतलं की तुझ्या पोराचं!" पाटील म्हणाले.

"नाव घेतलं. पोरगा नाय."

सगळ्यांनी त्यांची समजूत काढली. तो तिसरा आवाज सदाचाच, एकजण म्हणाला. दुसऱ्याला तो पहिला वाटत होता. अण्णांचा चेहरा उतरला. ही तक्रार आपल्या व्हॉल्व्हबद्दल आहे असंच त्यांना वाटलं. "तात्या, व्हॉल्व्ह जुना आहे. एखादा आवाज दबत असेल," ते हळूच म्हणाले. तात्या उठले, रस्ता ओलांडून मिठाईवाल्याच्या ट्रान्झिस्टरसमोर जाऊन उभे राहिले आणि परत आले. "थितं बी नाय."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. व्हॉल्व्ह निर्दोष सुटला होता. भजन संपल्यावर वाडीतली माणसं पेढे घेऊन खुशीत शेवटच्या एसटीला गेली. तात्या मात्र स्टुलावरून हलले नाहीत.

"सदा दुसऱ्यांच्या आदी सुरू करतो," ते म्हणाले. "ल्हानपनापास्नं घाई हाय त्याला. बुवा रागं भरायचे. आज कुनीच घाई केली नाय."

"पाळी असेल हो त्याची गिरणीत," अण्णा म्हणाले.

आई दारातून म्हणाली, "रेडिओवर नाव दिल्यालं असताना कोन पाळी घेतो?" या खेपेला तिने 'बापाला सांग' म्हटलं नाही.

अण्णांनी रेडिओ बंद केला, फडक्याने तो गरम व्हॉल्व्ह काढला आणि पुन्हा टेस्टरमध्ये लावला. काटा हिरव्यात गेला.  मग वळून थेट आईला म्हणाले, "माझी पिशवी भर. सकाळच्या गाडीने तात्यांबरोबर जातो. त्यांना मुंबई माहीत नाही."

"भरलीया," आई म्हणाली.

पुढचं मी ऐकलेलं. मुंबईत सदाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं. प्रत्येकाला वाटत होतं, सदा आत्ताच कामावरून येऊन पडलाय. भजनवाल्यांना वाटलं, गावी गेला असेल. नाव आधीच दिलेलं होतं, ते रेडिओने इमानदारीत वाचलं. सदा भिंतीकडे तोंड करून तापाने फणफणलेला. कोणी हाक मारली तर ओसुद्धा देत नव्हता. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर, अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. अण्णा इस्पितळाच्या व्हरांड्यात किती रात्री बसले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. इस्पितळातला रेडिओ खरखरत होता आणि त्याला हात लावू देत नव्हते, एवढीच तक्रार त्यांनी घरी आल्यावर केली. ते नव्हते तेव्हा दुकानात आई बसायची. कोणी चौकशी केली की सांगायची, "मालक मुंबईला गेलेत," आणि गिऱ्हाईक विचारी, "आनखी वाल आनायला?"

सदाला आणलं ते आधी आमच्याकडेच, कारण डॉक्टर महाडात होता. आमच्या मधल्या खोलीत तो महिनाभर पडून होता. आई त्याला मऊ पेज भरवायची आणि अण्णा त्याला व्हॉल्व्हचं भवितव्य समजावून सांगायचे. दुसऱ्या उपायापेक्षा पहिला लागू पडला असावा. तात्या रोज येत, उशाशी बसत. बाप-लेक दोघांनाही एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. तात्या विचारायचे, "पेज खाल्लीस?" सदा म्हणायचा, "हां." एवढ्यावर दिवस निभायचा.

तो बरा होऊन वाडीत परतला तेव्हा वाडीने त्याचा सत्कार ठेवला. आजारातून उठला म्हणून नव्हे, रेडिओवर गायला म्हणून. आम्हालाही बोलावणं होतं. एसटीतून उतरून आम्ही भाताच्या बांधाबांधाने चालत गेलो. अण्णा पुढे, आई मागे, आणि ती त्यांच्याशी थेट भांडत होती, त्यामुळे मला पहिल्यांदाच मोकळं चालता आलं. देवळापुढे मांडव घातला होता. पाटलांनी नारळ दिला, टोपी दिली आणि वाडीचं नाव मुंबईपर्यंत कसं गेलं यावर लांबलचक बोलले. सदा हात जोडून उठला. "मंडळी, त्या दिवशी मी खरं म्हंजे..." त्याने सुरुवात केली, आणि टाळ्या पडल्या. त्याने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा त्याने बापाकडे बघितलं. तात्या खाली मान घालून तंबाखू मळत होते.

मग आग्रह झाला, गा म्हणून. सदा गायला. अंगात ताकद नव्हती, गळा चिरकत होता. दुसऱ्या ओळीत त्याला धाप लागली, आणि कडवं पुरं न करताच तो खांबाला धरून खाली बसला. मांडवात जरा चुळबूळ झाली. पाटलांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "असूं दे, असूं दे. पन रेडिओवर याच्यापेक्षा बरा गायला व्हतास हां, खरं सांगतो." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांनी कानांनी ऐकलं होतं.

तात्या उठून त्याच्यापाशी गेले. तांब्यातलं पाणी त्याला पाजलं, स्वतः त्याच्या समोर मांडी घालून बसले, आणि म्हणाले, "पुन्यांदा म्हन."